कड्यावरचं निळं

“जगात हुबेहूब सारख्या अशा दोन गोष्टी नसतातच. असतात ते फक्त आळशी डोळे,” गवतसरांनी जाहीर केलं आणि वर्तमानपत्र उघडलं. मग ते लांब धरलं, जवळ धरलं, पुन्हा लांब धरलं.

“हल्ली छपाई फार बिघडलीय.”

“अहो, तो माझा चष्मा आहे,” वहिनी म्हणाल्या.

वहिनी म्हणजे सरांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. एरवी चष्म्याच्या या प्रकारावर त्या दुपारपर्यंत हसल्या असत्या. आज हसू फुटत नव्हतं. आज चहाला भिंगवाले येणार होते.

भिंगवाले म्हणजे सरांचे वर्गमित्र. दोघांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या चुका काढल्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असल्याशिवाय भिंगवाले लग्नाकार्यालाही जात नसत. आणि आज ते खिडकीतली कुंडी बघायला येणार होते.

त्या कुंडीवरच तर वहिनींचा संसार उभा होता.

तेव्हा सर कॉलेजात नुकतेच लागले होते आणि वहिनी तिथल्याच ग्रंथालयात होत्या. एका दुपारी मैदानाच्या कडेला, सख्ख्या भावंडांसारखी दिसणारी दोन गवतं त्यांच्या हातात देऊन सर म्हणाले होते, “तुरे बघू नका, तुरे फसवतात. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे बघा. एकाला तिथे पातळ पापुद्रा असतो, दुसऱ्याला केसांची झालर.” वहिनींनी आज्ञाधारकपणे मिठी पाहिली. झालर काही दिसली नाही, पण सरांचे कान लाल झालेले दिसले.

भिंगवालेही त्या काळात ग्रंथालयात जरा जास्तच वाचत. त्यांनी वहिनींना शाईचं पेन दिलं. सरांनी मात्र एका संध्याकाळी गुडघ्यावर फाटलेल्या विजारीत येऊन दार वाजवलं. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेलं रोप. त्याला एकच फूल, निळं.

“कड्यावरचं निळं! दोर लावून उतरलो. पाय घसरला असता, तर तुम्हाला नुसता रुमाल मिळाला असता.”

लग्न तिथल्या तिथे ठरलं. पेन अजून चालतं.

रोप मात्र पहिल्याच वर्षी गेलं. सर परीक्षेच्या कामाला परगावी होते. वहिनी दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी बसथांब्यामागच्या भिंतीच्या फटीत त्यांना तेच पान, तेच निळं दिसलं. रस्त्याकडेचं निळं. दोघांत फरक एवढाच की कड्यावरच्याच्या देठावर बारीक लव असते आणि रस्त्याकडेच्याचा देठ तुळतुळीत. हे सरांनीच जेवताना त्यांना शंभरदा सांगितलं होतं. वहिनींनी पर्समधून चमचा काढला.

तेव्हापासून एक वाळलं की दुसरं. मधे एकदा ती भिंत गिलावा करून बंद केली, त्या वर्षी वहिनींचं वजन घटलं.

सर पाहुण्यांना कड्याची गोष्ट सांगत. दर वर्षी कडा थोडा उंच होई. कुंडीला मात्र त्यांनी कधी भिंग लावलं नाही. “घरच्या माणसाकडे कोणी ओळखपत्र मागतं का?” म्हणत. वहिनींना अशा वेळी गलबलून येई. एकदा तर त्यांनी वहिनींसाठी मुद्दाम लाकडी मुठीचं छोटं खुरपं आणलं. “आपले चमचे फार वाकतात,” म्हणाले.

बेल वाजली.

“वहिनी, तुम्ही आहात तशाच आहात. हा मात्र पार वाळला,” भिंगवाले दारातूनच म्हणाले.

“वाळलेलेच नमुने जपून ठेवतात,” सर म्हणाले. “दे तो कोट. आणि ते गळ्यातलंही काढ, चहात बुडेल.”

चहा झाला. भिंगवाल्यांनी हात चोळले.

“इतकी वर्षं नुसतं ऐकतोय. आज देठ बघितल्याशिवाय हलणार नाही. खरं सांगू? मला तेव्हाही संशय होता.”

वहिनींनी बशी खाली ठेवली. कुंडी पडली तर? आत्ता, चुकून, कोपर लागून? त्या खिडकीकडे सरकल्यासुद्धा.

“माझं भिंग कुठंय?” भिंगवाल्यांनी विचारलं.

भिंग सापडेना. कोटाचे खिसे झाले, सोफ्याखाली झालं, साखरेच्या डब्यातही पाहिलं. सर खुर्चीतून न उठता मदत करत होते. “टेबलाखाली बघ. नाही? मग पुन्हा बघ.”

शेवटी भिंगवाल्यांच्या बसची वेळ झाली. त्यांनी कुंडी उजेडात धरली, डोळे मिचमिचे केले, देठावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “लव आहे. अंगठ्याला कळतेय. कड्यावरचंच आहे, लेका.”

मग वहिनींकडे न बघता म्हणाले, “बरोबर निवड केलीत तुम्ही. पेन द्यायला कुठे कडा उतरावा लागतो?”

त्यांच्यामागे दार लागलं. वहिनी दाराला टेकून उभ्या राहिल्या. वाचलं. त्यांचा कडा, त्यांचा दोर, त्यांची सगळी वर्षं वाचली.

सर खुर्चीतून उठले. बसल्या जागेवरून त्यांनी भिंग उचललं, सदऱ्याला पुसलं आणि वहिनींच्या हातात ठेवलं.

“हे उद्या त्याला पार्सलने पाठव. आणि टपाल कचेरीत जाशीलच, तर या खेपेला रोप तिथल्या मागच्या भिंतीतलं आण ना. बसथांब्याजवळची धुराने काळवंडतात. फक्त जपून हं, त्या भिंतीला एक खिळा आहे. माझी विजार त्यावरच फाटली होती.”