टोपलीखालची बाई

छोट्या हेमालीला खेळातून शिकवायला सुनेनं बोलका डबा आणला, तेव्हापासून लाडकीआजीच्या मनात पाल चुकचुकत होती. आतली बाई आकडे शिकवायची, गोड बोलायची. पण घर गप्प असलं तरी तिचा कान इकडेच आहे, असं आजीला वाटायचं. त्यात खेळ सुरू झाला की ती हटकून विचारायची, “चला, आज कुठे जायचं?”

मुलगा बोटीवर निघताना ‘कुठे’ विचारणं मच्छीमाराच्या घरात अशुभ. म्हणून देवजी निघायच्या आधी आजी डब्यावर सुक्या बोंबलांची रिकामी टोपली पालथी घालायची.

“आई, खेळणं आहे गं ते,” देवजी हसायचा.

“खेळण्याला कान कशाला लागतात रे? या बयेला सगळं ठाऊक असतं.”

परवा दर्या खवळला. चिंचणीच्या बाकी बोटी परतल्या, देवजीची तेवढी आली नाही. फोनही लागेना. आजी सोडून घरातले सगळे किनाऱ्याकडे धावले.

 

आजीनं हळूच टोपली उचलली आणि डब्यापुढे हात जोडले, “बाई, तुला सगळं ठाऊक असतं ना? सांग, माझा देवजी कुठं आहे?”