रविवारची नोंद

डॉक्टरांनी मायग्रेनसाठी लिहून दिलेल्या गोळ्या आईला महिन्याला चारच परवडत. त्या ती कामाच्या दिवसांसाठी राखून ठेवायची. सुपरमार्केटच्या काउंटरवर डोक्यावर पांढरेफेक दिवे आणि कानाशी मशीनची टीट टीट. तिथून अर्ध्यातून उठून घरी आलं की खाडा पडतो. रविवारी मात्र डोकं फुकटात दुखू शकतं.

या रविवारीही सकाळीच तिच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकायला लागल्या. म्हणजे अर्ध्या तासात ठणका सुरू. ती पडदे ओढत होती, तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली. पाठीवरच्या दप्तरात कपडे कोंबलेले.

"आई, मी दर रविवारी मावशीकडे जात जाऊ?"

"का गं बाई, मावशीचा एकदम एवढा पुळका?"

"पुळका नाही. मी दिवसभर घरी असले की तुझं डोकं दुखतं. बाकीचे सहा दिवस तू बरी असतेस. मी वहीत लिहून ठेवलंय."

आईने हातातला पडदा सोडला. मग तिने पर्समधली शेवटची गोळी काढली आणि पाण्यावाचूनच गिळून टाकली. महिना संपायला अजून अकरा दिवस होते.

"ते दप्तर उतरव आणि वही आण," ती म्हणाली. "आजच्या तारखेपुढे लिही, मी दिवसभर घरीच होते आणि आईचं डोकं दुखलं नाही."