गवंडीबुवांचा टेकू

"विरघळली म्हणायची तुमची खळ," पडद्यावरच्या धडधडत्या हृदयावर बोट ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि गवंडीबुवांचा चेहरा पडला.

हार्ट अटॅकनंतर बुवांच्या हृदयाची एक भिंत पातळ होऊन फुगायला लागली होती. पायातून बारीक नळी नेऊन बाईंनी तिथे हायड्रोजेल टोचलं. आत जाऊन घट्ट होणारं, भिंतीला धरून ठेवणारं आणि काम झालं की आपणहून विरघळणारं. बुवा त्याला खळ म्हणत. म्हणजे स्लॅबखालचा टेकूच की, असं सांगत त्यांनी अख्ख्या वॉर्डाला बांधकाम शिकवलं होतं. आता भिंत स्वतःच्या बळावर उभी होती. वजन उचलायलाही हरकत नव्हती. इतकी चांगली बातमी ऐकून रडवेला होणारा पेशंट बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

दुखणं वेगळंच होतं. बुवांची बायको मागेच लेकीकडे निघून गेली होती, आणि तेही स्वयंपाकघरातल्या एका फळीपायी. फळी बुवांनी स्वतः बसवलेली. तिच्यावरचे डबे सारखे घरंगळत. बुवांचं म्हणणं, फळी सरळ आहे, डबे गोल आहेत. दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात बांधणाऱ्या माणसाने हे तोंड वर करून सांगावं, हे तिला सोसलं नाही.

अटॅकचं कळताच ती बॅग घेऊन धावत आली. बॅग मात्र फळीखाली, स्वयंपाकघराच्या दाराशीच ठेवली आणि बजावलं, खळ आहे तोवर मी आहे.

तेव्हापासून बुवा प्रत्येक तपासणीहून एकच निरोप आणत: अजून ओली आहे. गेल्या खेपेला तर ती थोडी वाढलीय, असंही त्यांनी ठोकून दिलं. बॅग जागची हलली नव्हती. वजन उचलायची मनाई, म्हणून बुवा तिला वळसा घालून जात.

आजचीही थाप त्यांनी वाटेत घोळून ठेवली होती. पण घरात शिरले तर बायको स्टुलावर चढून, एका हाताने कंबर धरून, डबे मागे सारत होती. थाप तिथेच विरली.

"विरघळली," बुवा म्हणाले. "तू सुटलीस. चल, स्टँडपर्यंत बॅग मी घेतो."

ती स्टुलावरून उतरली आणि बाजूला झाली.

सिमेंटचं पोतं उचलावं तसे बुवांनी पाय रोवले, बॅगेचे बंद दोन्ही हातांनी धरले, दम कोंडला आणि हिसका दिला. बॅग पिसासारखी उडाली, फळीवर आदळली आणि उलटी होऊन बुवांच्याच डोक्यावर टोपीसारखी बसली. आत एक रुमालसुद्धा नव्हता. मागोमाग सगळे डबे धडाधड खाली आले.

बायकोने पायाशी आलेला डबा उचलला, फुंकर मारून झाकण पुसलं.

"फळी सरळच आहे हो," ती म्हणाली. "डबे गोल आहेत."