घोरण्याचा सूर

प्रमिलाबाईंनी दिवंगत नवऱ्याचा आवाज भरलेला सिंथेसायझर उशाशी ठेवला आणि एक पट्टी दाबली.

"जेवलीस का गं?" आवाज मधाळ होता, कंपनीने धुऊनपुसून दिलेला.

"अगंबाई, हे कोण आलंय?" म्हणत त्यांनी मॉड्युलेशनची बटणं पिळली, थरथर वाढवली, घशात खरखर घातली. ते गेल्यापासून बाईंना दुपारची झोपच नव्हती. अखेर त्यांचं घोरणं जमलं, मधल्या शिट्टीसकट. बाई समाधानाने आडव्या झाल्या. डोळा लागतच होता, एवढ्यात घोरणं वरच्या सप्तकात गेलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "अहो, कुशीवर वळा!"

सिंथेसायझर तत्काळ गप्प झाला.

बाई उठून बसल्या. उभ्या संसारात यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.