हॉस्टेलची बरणी

लहरीनं तांब्यात हात बुडवला, तसाच निथळता बाहेर काढला आणि आवकायच्या छोट्या बरणीत मनगटापर्यंत खुपसला.

"अम्मा, अक्कानं ओला हात घातला," भार्गवनं तिथल्या तिथे बातमी दिली. आठ वर्षांच्या भावांना दुसरं काम नसतं.

पद्मजा परातीतल्या लोणच्याचं मीठ चाखत होती. ती उठली, बरणीत डोकावली आणि बरणीशीच बसली. आवकाय, म्हणजे आंध्रातलं कैरीचं तिखट लोणचं, घातल्याचा आज तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी बरण्या उघडायच्या, तळापासून कालवायच्या, मीठ बघायचं, वरून तिळाचं तेल ओतायचं आणि फडक्यानं तोंड बांधायचं. एवढं झालं की वर्षाची काळजी मिटली. त्या दिवशी घामाचा थेंबसुद्धा पदरानं टिपायचा. गोदावरीकाठची बाई एक वेळ सासरचे टोमणे विसरेल, पण आवकायला लागलेलं पाणी विसरायची नाही.

"डोळे फुटले होते का गं?"

"नाही. बघूनच घातला."

पद्मजानं हात उगारला. पण लेकीचा हात तिखटानं मनगटापर्यंत लाल झालेला तिला दिसला. आगआग होत असणार, पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. तरी ती हात धुवायला उठेना. याच बरणीतली एकेक फोड परवा तिनंच कोरड्या फडक्यानं पुसली होती, कोयीच्या आतला पापुद्रा नखानं काढला होता. मग हे काय भलतंच, ते पद्मजाला कळेना.

"ही बरणी माझी ना?" लहरी म्हणाली. "हॉस्टेलची. मोठ्या बरण्या घरच्या वर्षाच्या, त्या तू मोडणार नाहीस. हिला आता आठ दिवसांत बुरशी येईल. आणि आवकायशिवाय तू मला पाठवणार नाहीस."

पोरीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. पोटची लेक आवकायच्या बरणीशिवाय घराबाहेर काढली असं कळलं असतं, तर पद्मजाला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"शिकायचं नाही का तुला?"

"शिकेन की. शाळा बारा जूनला आहे, त्या दिवशी जाईन. रडणारसुद्धा नाही. सोमवारी जाणार नाही."

हॉस्टेलात सोमवारपासूनच वर्ग सुरू होणार होते. आठवीचा अभ्यास सातवीच्या सुट्टीत उरकायचा, म्हणजे आठवीत बसून नववीचा करता येतो. हल्ली असंच चाललंय, आणि चांगली शहाणीसुरती माणसं त्याला माना डोलावतात. लहरीच्या सुट्टीत फार मोठं काही घडत होतं असंही नाही. सकाळी भावाबरोबर कालव्यात डुंबायचं, दुपारी ताडगोळे खाऊन गार फरशीवर लोळायचं, वीज गेली की वारा घ्यायच्या एकाच पुठ्ठ्यासाठी दोघांनी भांडायचं. अशा लोळण्याचे साडेतीन आठवडे तिचे अजून शिल्लक होते, आणि ते तिला हवे होते.

तेवढ्यात मुलांचे वडील वीरभद्रम आले. खांद्यावर नवीकोरी ट्रंक होती, झाकणावर लेकीचं नाव पांढऱ्या रंगात लिहून आणलं होतं. बरणीभोवती बसलेल्या तिघांकडे बघून त्यांना काही उलगडा होईना. तो भार्गवनं केला.

"लोणच्यापायी जागा घालवायची?" ते ट्रंक उतरवत म्हणाले. "पहिल्या तुकडीत घेतलंय तिला. सोमवारी हजर नसली तर दुसरीत ढकलतील."

"नान्ना, दुसऱ्या तुकडीतही पुस्तकं तीच असतात," लहरी म्हणाली.

"तू गप्प बस. चोर तो चोर वर शिरजोर." मग ते बायकोकडे वळले. "आणि एवढं काय मनाला लावून घेतेस? लोणचं दुकानात मिळतं."

दुकानात. पद्मजानं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि माणूस तसा वाईट नव्हता. भार्गव हळूच आईच्या बाजूला सरकला.

"मी नवी घालते," पद्मजा म्हणाली.

"घाल. कुरियरनं पाठवू."

"मंगळवारच्या बाजारात चांगल्या कैऱ्या येतील. त्या आणायच्या, घालायची, तिसऱ्या दिवशी कालवायची, मग मुरू द्यायची. तीन आठवडे. त्याआधी माझ्या हातची आवकाय उंबरा ओलांडत नाही. आणि तिच्याशिवाय लहरीही नाही."

"अगं, काहीतरीच काय? मी तिकडे शब्द देऊन बसलोय."

"मग तुम्ही जाऊन सांगा, घरी लोणचं मुरतंय म्हणून. तेलुगू माणसंच आहेत ना ती? समजतील."

वीरभद्रमना हसू आलं होतं, ते त्यांनी दाबलं. असं हरायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं.

"आणि ही? ही तर तीनच दिवसांची. सोमवारी हीच पाठवत होतीस ना? तेव्हा कुठं गेले होते तुझे तीन आठवडे?"

पद्मजानं लेकीचा लाल हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, त्यावर तिळाचं तेल ओतलं आणि मनगटापासून बोटांपर्यंत हलक्या हातानं चोळू लागली.

"कच्चीच पाठवत होते," ती म्हणाली. "चुकत होतं माझं."