एका थापेला दोन ठोके

"एक थाप मारली की दोन ठोके वाजतात! भिकारडं यंत्र नुसतं!" ड्रमला चिकटवलेला सेन्सर उपटत नवरा करवादला. कातड्यावरचा हलकासा स्पर्शही टिपून त्याचे नवेनवे आवाज करणारं ते यंत्र त्याने मोठ्या हौसेने आणलं होतं, आणि कार्यक्रम तर आठवड्यावर आला होता.

लेकीने मुकाट्याने वायर बदलली. दुरुस्तीवाल्याने सेन्सर नवा बसवला, नवऱ्याच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि उगाचच घसा खाकरला. कीबोर्डवाला साथीदार म्हणाला, "राहू दे रे दादा, आपले सगळे प्रयोगच तर असतात. लोक टाळ्याच वाजवतील!"

"हल्ली कुठलीच वस्तू धड येत नाही," असं म्हणून मीही त्यांच्यात सामील झाले आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

त्याने कप दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ तो त्या कपातच बघत बसला.



"यंत्र चांगलं आहे गं. हात थरथरतोय माझा. नाहीतर गेले दोन महिने तू मला अर्धाच कप चहा दिला असतास होय?"