बिनछापाची चेन

शेवटी तुटली एकदाची! जावई सहदेव सायकल ढकलत येताना दिसला आणि उकंडरावाच्या हातातला पाना गोणपाटावर पडला. तुटकी चेन हँडलला गुंडाळलेली होती. पण उकंडरावानं आधी चेन पाहिलीच नाही. त्यानं सायकलच्या मागं पाहिलं. कॅरिअरवर नुसतं सरकीचं पोतं बांधलेलं होतं.

"वच्छला नाही आली?"

"नाही मामाजी. मी बाजाराले आलो होतो. वेशीजवळ चेन गेली."

धामणगाव बढ्यात उकंडरावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, चार टिनपत्रे आणि लिंबाची सावली. पण नव्या जिल्हा परिषदेनं रस्त्यावर मुरूम टाकल्यापासून सायकली वाढल्या होत्या आणि उकंडरावाचं नावही. रस्त्यानं जाणारी सायकल बसल्या जागेवरून पाहायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, ही चेन लांबली, पोळा बघत नाही. भल्याभल्यांची जिरायची. अशा माणसानं पोटच्या पोरीच्या लग्नात जावयाला नवी सायकल दिली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तिची मूळची चेन काढून तिथं बिनछापाची हलकी चेन चढवली. मूळची चेन वेळेवर तेल दिलं असतं तर पाच-सहा वर्षं हूं की चूं करत नव्हती. या हलक्या चेनच्या पिना कच्च्या लोखंडाच्या. त्या घासणार, चेन लांबणार, दाते सोडणार आणि एक दिवस भर रस्त्यात तुटणार. उकंडरावाला नेमकं तेच हवं होतं.

लोभ नव्हता हो! बायको केव्हाच गेलेली. वच्छला एकुलती एक. लहानपणापासून बापाजवळ दुकानातच बसायची आणि दिवसभर तोंड चालू. ती सासरी गेली आणि घर असं गप्प झालं, की दुकान बंद करून घरी जायचं त्याच्या जिवावर यायचं. भाकरी अजून दोघांच्याच थापल्या जायच्या. बरं, उठून लेकीकडे जावं, तर रीत आडवी. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, उंबरा चढायचा नाही. तिला आणायला मुऱ्हाळी धाडावा, तर पोरीला भाऊ नाही. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, चुलत पुतण्याला पाठवलं, तर तिची सासू आजारी निघाली. दिवाळीला पाठवलं, तर कापसाची वेचणी. म्हणून ही अक्कल. चेन तुटेल, जावई सायकल सासऱ्याकडेच आणेल, आणि येताना बायकोला मागं बसवेल. पुढं कधीतरी चांगली चेन चढवून देऊ, कोणाला कळतंय? बिचारा वर्षभर लेकीच्या गावाहून येणाऱ्या मोताळ्याच्या रस्त्याकडे बघत बसला.

जावयाला माठातलं पाणी देऊन त्यानं चेन हातात घेतली आणि त्याचं डोकंच फिरलं. चेन आज पहिल्यांदा तुटली नव्हती. जागोजागी जोडलेली होती. झिजलेल्या कड्या काढल्या होत्या, पिना पुन्हा ठोकल्या होत्या.

"दुसऱ्या मिस्त्रीकडं जात होते काय तुम्ही?" त्याचा आवाज चढला. "मी मेलो होतो? सासऱ्याचं दुकान असताना लोकाईच्या दारात उभे राह्यले? अन् मी इथं…"

सहदेव गडबडला. जावई असला तरी सरळ माणूस, खोटं सुचेना.

"कोन्याच मिस्त्रीकडं नाही गेलो मामाजी. वच्छलानंच जोडली. दर खेपेले तीच जोडते. सांजच्याले गोठ्यात बसते, दगडावर चेन ठेवते अन् खिळ्यानं पिन ठोकते. मायले वाटते, म्हशीची धार काढून राह्यली."

उकंडरावानं जोडावरून बोट फिरवलं. पिना दोन्ही अंगांनी सपाट बसल्या होत्या. बोटाला काही लागत नव्हतं. तेव्हा हे त्याच्याच दुकानातलं शिक्षण होतं तर! एवढ्या वैतागातही त्याला पोरीचं कौतुक वाटलं आणि लगेच रडू फुटायला आलं.

"पन मंग इकडं काऊन नाही आली? तिले बापाची याद येत नाही काय?"

"येते ना. रडते बी. मी म्हटलं, चाल, चेनच्या निमित्तानं मामाजीले भेटून येऊ. तं मलेच शपथ घातली." सहदेवानं मान खाली घातली. "आज ती संग असती, तं तिनं मले इथं येऊच दिलं नसतं."

"काऊन पन?"

"चेन हलकी हाये, हे तिनं पह्यल्याच दिवशी ओळखलं. म्हने, माहा बाप जानूनबुजून असं करनारच नाही. बाबाची नजर गेली. चांगली चेन कोनती अन् वाईट कोनती, हे त्याईले आता दिसत नाही. तुटकी चेन समोर नेली तं त्याईले ते समजन, अन् मनाले लावून घेतीन. म्हनून म्हने, बाबाले काही सांगू नका."

उकंडराव खाली बसला. खरं सांगावं, तर बाप लबाड ठरत होता. गप्प राहावं, तर आंधळा. त्यानं चेन दगडावर घेतली, दोन्ही टोकं जुळवली, पिन उचलली. डोळे असे भरून आले होते, की कडीचं भोक सापडेना. त्यानं पिन जावयाच्या हातात दिली.

"बरोबर ओळखलं माह्या पोरीनं," तो म्हणाला. "मले काहीच दिसत नाही आता. तिले म्हना, बाप आंधळा झाला, एकदा येऊन पाहून जाय."